चाकांतील हवा आणि आपली जबाबदारी

व्यापाऱ्याची वही ही त्याच्या सावधपणाची साक्ष असते. कोणाकडून किती येणे, कोणास किती देणे, कोणत्या गावी किती पार्सले रवाना झाली, भाडे आपण भरले की माल सोडविणाऱ्याने भरावयाचे, दलाली किती आणि वटाव किती, याची नोंद आपल्या पेढ्यांवर रोजच्या रोज होते. १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिलाची पद्धत सुरू झाली. तेव्हापासून तर गाडीचा क्रमांक, मालाची किंमत आणि प्रवासाचे अंतर हेही माल रवाना होण्यापूर्वी नोंदवावे लागते. एवढ्या काटेकोर नोंदींत एका वस्तूस मात्र कोठेच जागा मिळालेली नाही. जिच्या आधारावर हा सारा माल शेकडो किलोमीटर जातो, ती चाकांतील हवा आपल्या कोणत्याही वहीत आढळत नाही.

वार्षिक स्मरणिकेत करआकारणी, उधारीची मुदत, बाजारातील तेजी-मंदी अशा विषयांवर लेख यावेत हे योग्यच आहे. त्यांच्या पंक्तीस टायरच्या हवेचा विषय बसविला तर कित्येकांस तो क्षुल्लक वाटेल. “हवा भरणे हे क्लीनरचे काम, त्यासाठी ट्रान्सपोर्टवाला भाडे घेतो, आपला संबंध बिल्टीपुरता,” असे उत्तर आपल्यापैकी बहुतेकजण देतील. हे उत्तर व्यवहाराच्या दृष्टीने अपुरे आणि नीतीच्या दृष्टीने चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे येथे मांडावयाची आहेत.

ओझे कोण उचलते?

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. गाडीचे ओझे टायरचे रबर उचलते असे आपण समजतो. वास्तविक ओझे उचलते ती आत कोंडलेली हवा. रबर आणि त्यातील सुताचे अथवा पोलादी तारांचे थर हे त्या हवेस कोंडून ठेवणारी पिशवी होत. ट्रकच्या मागील ॲक्सलवर दहा टन भार असला आणि त्याखाली चार टायर असले, तर प्रत्येक टायरच्या वाट्यास अडीच टन येतात. त्यात दर चौरस इंचास ११० पौंड या मानाने हवा भरलेली असेल, तर टायर जमिनीस टेकतो ती जागा सुमारे ३२५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या फुलस्केप कागदाहूनही थोडी लहान भरते. अडीच टनांचे ओझे आणि रस्ता यांच्यामध्ये एवढाच काय तो आधार.

हवा एक चतुर्थांशाने कमी झाली की टायर बसतो, त्याच्या बाजू बाहेर फुगतात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्या दुमडून पुन्हा सरळ होतात. लोखंडी तार हातात धरून दहा-बारा वेळा वाकवली तर वाकलेल्या जागी ती गरम होते, हे आपण सर्वांनी लहानपणी अनुभवले आहे. टायरचेही तेच होते. सुरतेहून धुळ्यास जाणारा ट्रक सुमारे २२० किलोमीटर धावतो. त्याच्या टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास धरला, तर धुळे येईपर्यंत प्रत्येक टायरचे पासष्ट हजारांहून अधिक फेरे होतात, आणि तितक्याच वेळा त्याच्या बाजू वाकतात. रबर हे उष्णतेचे मंदवाहक असल्यामुळे ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ती थरांच्या जोडांत साठत राहते. जोड सुटतात, थर एकमेकांपासून विलग होतात, आणि अखेर टायर फुटतो. फुटतेवेळी खाली एखादा दगड अथवा खड्डा सापडला, तर आपण त्या खड्ड्यास दोष देऊन मोकळे होतो. परंतु टायरचा नाश पुष्कळदा त्यापूर्वी कित्येक तास, क्वचित कित्येक दिवस, आतून चाललेला असतो.

आपल्या बाजारातील ज्या बंधूंचा खानदेशाशी व्यवहार आहे त्यांना ही वाट परिचित आहे. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, पुढे कोंडाईबारीचा घाट, आणि मग दहिवेल व साक्रीवरून धुळे. वैशाखात खानदेशात हवेचे उष्णतामान ४३-४४ अंशांपर्यंत चढते, डांबरी रस्ता त्याहून कितीतरी तापतो. त्यात लग्नसराईची घाई असते, म्हणून गाडीत चार पार्सले अधिक चढविली जातात. अधिक ओझे, तापलेला रस्ता आणि कमी हवा ही तीनही कारणे एकाच वेळी एकाच टायरवर येऊन पडतात. यांपैकी ऋतू आपल्या हाती नाही. बाकीची दोन आहेत.

ट्रेलरची गोष्ट निराळी

हजिऱ्याकडून पोलाद आणि कंटेनर घेऊन निघणारे लांब ट्रेलर आता सुरतेच्या भोवतालच्या सर्व रस्त्यांवर दिसतात. पुढील ट्रॅक्टरला दहा आणि मागील तीन ॲक्सलच्या ट्रेलरला बारा अशी बावीस चाके एका गाडीस असू शकतात. या चाकांची निगा साध्या ट्रकपेक्षा अधिक कठीण आहे, आणि त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की ट्रेलरचे चाक मऊ पडले तर चालकास ते कळत नाही. स्टिअरिंगच्या चाकातील हवा कमी झाली की गाडी एका बाजूस ओढते आणि हातास जाणवते. ट्रेलरची चाके नुसती ओढली जातात. त्यांची तक्रार चालकाच्या हातापर्यंत पोहोचत नाही. मागे धूर दिसला किंवा शेजारून जाणाऱ्या एखाद्या भल्या माणसाने हात करून खुणावले, तरच त्यास पत्ता लागतो.

दुसरे कारण जोडचाकांचे. एका टोकास दोन टायर शेजारी-शेजारी असतात. त्यांपैकी आतील टायरचा व्हॉल्व हातास सहज येत नाही, म्हणून तो पाहण्याचे टाळले जाते. आतील टायरमधील हवा गेली तरी बाहेरील टायर गाडी उभी धरतो आणि वरून सारे ठीक दिसते. प्रत्यक्षात दोघांचे ओझे एकट्यावर पडलेले असते, आणि मऊ पडलेला टायर भारी चाकाबरोबर फरफटत तापत असतो. असा टायर पेट घेऊ शकतो. आपल्या सुरतेचा माल मुख्यत्वे कृत्रिम धाग्याचा. चाकापासून पेटलेली आग तळफळीस पोहोचली म्हणजे वरील साड्यांचे काय होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. विमा मालाची किंमत भरून देईल. पण गेलेला हंगाम आणि तुटलेले गिऱ्हाईक तो भरून देत नाही.

तिसरे कारण मालकीचे. ट्रॅक्टर एकाचा, ट्रेलर दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा. ट्रेलर कित्येकदा आठवडे-दोन आठवडे, क्वचित महिनोन्महिने आवारात नुसता उभा असतो. चांगल्या टायरमधूनही महिन्यास एक-दोन पौंड हवा आपोआप जाते. व्हॉल्व सैल असला तर अधिक जाते. मग एके दिवशी घाईने ट्रॅक्टर जोडला जातो, माल चढतो आणि गाडी निघते. हवा कोणी पाहावयाची होती असे विचारले, तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

“टायर फुटला”

आपल्या भाषेत “टायर फुटला” असे आपण म्हणतो, जणू तो स्वतःच्या मर्जीने फुटला. हे वाक्य उच्चारले की चौकशी संपते आणि दैवास जबाबदार धरले जाते. महाराष्ट्रातील मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा भाग खुला होऊन तो पूर्ण झाला. सरळ, काँक्रीटचा, न थांबता तासन्‌तास धावू देणारा हा रस्ता. त्यावर पहिल्याच वर्षी टायर फुटून झालेल्या अपघातांची इतकी चर्चा झाली, की परिवहन खात्यास प्रवेशाच्या ठिकाणी गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली. शहरात पाच-दहा किलोमीटर धावताना ज्या टायरची उणीव झाकली जाते, ती अखंड धावेत उघडी पडते, हा त्यातील बोध.

त्याच मार्गावर १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्यामुळे अपघात झाला असे प्रथम सांगण्यात आले. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. यातून घेण्याजोगा धडा दुहेरी आहे. टायर फुटणे ही सबब तयार ठेवली जाते. आणि ती सबब लोकांना तत्काळ पटते, कारण टायर केव्हाही फुटावयाचाच, असे आपण गृहीत धरले आहे. हे गृहीतच मुळात चुकीचे आहे.

इतर देशांनी ते कधीच टाकून दिले. सन २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. एका विशिष्ट मोटारीवरील टायरचे थर सुटून झालेल्या अपघातांत दोनशेहून अधिक माणसे दगावली होती. टायर करणारा आणि मोटार करणारा यांच्यात जो वाद झाला त्यात, टायरमध्ये २६ पौंड हवा पुरेशी की ३० पौंड हवी, हा एक प्रमुख मुद्दा होता. चार पौंडांचा प्रश्न! त्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि पुढे प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाल्याची सूचना देणारा दिवा सक्तीचा झाला. युरोपीय संघाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. नव्या ट्रकांसच नव्हे, तर अवजड ट्रेलरांसही असे सूचक यंत्र जुलै २०२४ पासून तेथे आवश्यक ठरले आहे. ट्रेलरचे चाक बोलत नाही म्हणून त्यास वाचा देण्याची ही सोय आहे. आपल्याकडील गाड्यांवर असे यंत्र क्वचितच आढळते. म्हणून आपणास हात आणि गेज यांवरच विसंबले पाहिजे.

भार कोणाचा?

आता मूळ आक्षेपाकडे वळू. गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची, तेव्हा टायरही त्याचेच, हे खरे. परंतु त्या टायरवरील भार आपला आहे. घाई आपली आहे. “आज रात्री गाडी निघालीच पाहिजे आणि परवा सकाळी माल उतरलाच पाहिजे,” हा निरोप आपल्याच पेढीवरून जातो. भाड्यात शेवटच्या रुपयापर्यंत घासाघीस आपणच करतो, आणि सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास माल देतो. ज्याने सर्वांत कमी दर सांगितला त्याने तो कोठून कमी केला, हे आपण विचारीत नाही. बहुधा तो टायरांतून कमी केलेला असतो.

कायदाही या बाबतीत आपणास सर्वस्वी मोकळे सोडीत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १९४ व्या कलमान्वये मर्यादेबाहेर भार घालून गाडी चालविणाऱ्याप्रमाणेच, ती चालविण्यास लावणारा अथवा तशी मुभा देणाराही दोषी ठरतो. २०१९ च्या सुधारणेनंतर त्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये इतका दंड सांगितला आहे. २०१८ साली केंद्र सरकारने ॲक्सलवरील भाराची मर्यादा वाढविली खरी. परंतु कागदावरील मर्यादा वाढली म्हणून जुन्या टायरची ताकद वाढली असे होत नाही. भार वाढला तर त्या प्रमाणात हवा हवी, आणि ती हवा पेलणारा टायर हवा.

परंतु आपल्या मंडळाच्या सभासदांस कायद्याचा धाक दाखविण्याची आवश्यकता नसावी. आपल्या पूर्वजांचा माल बैलगाड्यांवरून जात असे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार गणले आहेत त्यांत अतिभारारोपण हा एक आहे. मुक्या जनावरावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे हा व्रतास लागणारा दोष आहे, हे गृहस्थ श्रावकास, म्हणजे व्यापार करणाऱ्या माणसासच, सांगितले गेले. गाडीवान आपला नसला, बैल आपला नसला, तरी ओझे आपले होते, हे ज्यांनी तो नियम पाळला त्यांना ठाऊक होते. बैल थकला की मान टाकतो, तोंडास फेस येतो. पाहणाऱ्यास दया येते. टायरला थकवा येतो तो कोणास दिसत नाही. टायर हा जीव नव्हे, हे खरे. पण तो फुटला म्हणजे ज्यांना दुखापत होते ते जीवच आहेत: चालक, क्लीनर, शेजारच्या मोटारीतील कुटुंब, कडेने सायकलवर जाणारा कामगार.

आणि आणखीही कोणी आहेत. कार्तिकी पौर्णिमेस चातुर्मास संपतो आणि आपले साधु-साध्वी विहारास निघतात. त्याच सुमारास लग्नसराईचा माल बाजारातून बाहेर पडू लागतो. सुरत-मुंबई आणि सुरत-अहमदाबाद या एकाच महामार्गाच्या मधोमध आपला माल धावत असतो आणि कडेने आपले पूज्य महाराज अनवाणी चालत असतात. विहारात वाहनाच्या धक्क्याने साधु-साध्वी कालधर्म पावल्याच्या वार्ता समाजास वारंवार ऐकाव्या लागतात. तेव्हा आपण शोकसभा भरवितो आणि सरकारकडे निवेदने देतो. ती द्यावीत. परंतु त्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांपैकी कित्येकींत आपलीच पार्सले असतात, याचाही विचार त्या सभेत व्हावा. १९ जानेवारी २०२१ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, किम-मांडवी रस्त्यावर कोसंब्याजवळ, ताबा सुटलेला डंपर कडेला झोपलेल्या मजुरांवर गेला आणि राजस्थानातून पोटासाठी आलेली १५ माणसे मेली. तो अपघात टायरमुळे झाला नव्हता. परंतु अवजड गाडीचा ताबा सुटला की किंमत कोण देतो, हे त्याने दाखविले. ज्याचा त्या मालाशी, त्या भाड्याशी, त्या घाईशी काडीमात्र संबंध नाही, तोच ती देतो.

काही भ्रामक समजुती

या विषयात जाणत्या माणसांतही काही चुकीच्या समजुती रूढ आहेत, त्यांचा परामर्श घेणे अवश्य आहे.

टायरवर रॉड ठोकून अथवा लाथ मारून हवा कळते, ही पहिली समजूत. साफ बसलेला टायर त्याने कळेल. पण ११० पौंडांचा टायर ८० वर आला आहे हे आवाजावरून अनुभवी माणसासही नीटसे सांगता येत नाही. नेमका तोच टायर धोक्याचा. त्यासाठी गेज लावण्यावाचून गत्यंतर नाही.

उन्हाळ्यात टायर तापून फुटू नये म्हणून थोडी हवा काढून ठेवावी, ही दुसरी समजूत. ती सर्वांत घातक होय. धावताना टायरचे उष्णतामान २०-२५ अंशांनी वाढले की ११० पौंडांच्या टायरमध्ये हवेचा दाब आठ-दहा पौंडांनी वाढतो. ही वाढ टायर करणाऱ्याने आधीच हिशोबात धरलेली असते. वाटेत थांबून तापलेल्या टायरची हवा सोडली, तर तो थंड झाल्यावर कमी हवेचा टायर उरतो. आणि कमी हवेचा टायर अधिक तापतो. उष्णता टाळण्याकरिता केलेला उपाय उष्णता वाढवितो. म्हणून हवा नेहमी टायर थंड असताना, निघण्यापूर्वी पाहावी. गाडी थांबल्यास तीन तास तरी गेलेले असावेत.

तिसरी समजूत अशी की कमी हवा वाईट तर जास्त हवा चांगली. तसेही नाही. हवा प्रमाणाबाहेर भरली तर टायर मधोमध झिजतो, रस्त्यावरील पकड कमी होते आणि खड्ड्याचा आघात त्याच्या थरांस सहन होत नाही. किती हवा भरावयाची हे टायरचे माप आणि त्यावरील भार यांवरून ठरते. गाडी आणि टायर करणाऱ्याने दिलेल्या कोष्टकात ते पाहावे, शेजारच्या गाडीत किती भरली ते पाहून नव्हे.

नायट्रोजन भरला की चिंता मिटली, असेही काही जण मानतात. साध्या हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा सावकाश जातो आणि कोरडा असतो, एवढा लाभ खरा. पण तो भरून दोन महिने गेजच लावले नाही, तर त्याहून साधी हवा आणि पंधरवड्याची तपासणी शतपटीने बरी.

शेवटची गोष्ट समजुतीची नसून निष्काळजीपणाची आहे. योग्य हवेच्या शेकडा ८० पेक्षा कमी हवेवर धावलेला टायर आतून दुखावलेला असू शकतो. तो उतरवून आतून तपासल्यावाचून त्यात पुन्हा पूर्ण हवा भरू नये. भरताना अशा टायरची बाजू चिरून फुटते, अथवा जुन्या रिमची लॉकरिंग उडते, आणि समोर बसलेला पंक्चरवाला जागच्या जागी ठार होतो. सुधारलेल्या देशांत असा टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून दुरून हवा भरतात. आपल्या महामार्गांवर हे काम पंधरा-सोळा वर्षांची मुले उघड्यावर, टायरवर वाकून करताना दिसतात.

खर्चाचा हिशोब

व्यापारी मनुष्यास हिशोबाची भाषा लवकर कळते, म्हणून तोही मांडतो. सर्व चाकांत दहा पौंड हवा कमी असली, तर अवजड गाडीस इंधन शेकडा अर्धा ते एक टक्का अधिक लागते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. वर्षास एक लाख किलोमीटर धावणारी आणि लिटरला चार किलोमीटर जाणारी गाडी २५,००० लिटर डिझेल जाळते. त्याचा अर्धा टक्का १२५ लिटर आणि एक टक्का २५० लिटर. डिझेलचा दर नव्वद रुपये धरल्यास हे नुकसान ११,२५० ते २२,५०० रुपयांपर्यंत जाते. टायरचे आयुष्य घटते ते निराळे. हवा पंचमांशाने कमी ठेवली तर ते सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते असे मानले जाते. यापुढे एका चांगल्या गेजची किंमत आणि क्लीनरचा अर्धा तास काहीच नाही. ही बचत ट्रान्सपोर्टवाल्याची दिसते. पण त्याचा खर्च शेवटी आपल्याच भाड्यात उतरतो, हे कोणी सांगावयास नको.

काय करता येईल?

टीका करून थांबणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. म्हणून पुढील सूचना सभासदांच्या आणि मंडळाच्या विचारार्थ ठेवीत आहोत.

एक, ज्या सभासदांची स्वतःची वाहने आहेत, मग तो बाजारातून गोदामात पार्सले नेणारा लहान टेम्पो असो की ट्रेलर, त्यांनी दर पंधरवड्यास एक दिवस ठरवून प्रत्येक चाकाची, जोडचाकांपैकी आतील चाकाची आणि जादा चाकाचीही हवा गेजने पाहावी आणि तिची नोंद ठेवावी. लांबच्या प्रवासापूर्वी ती प्रत्येक वेळी पाहावी. व्हॉल्ववर टोपण आहे की नाही हेही त्याच वेळी पाहावे. दोन-चार रुपयांच्या टोपणावाचून धूळ जाते आणि हवा गळू लागते. रबराची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी उरली असेल तर तो टायर कायद्यानेही बाद आहे.

दोन, जे सभासद भाड्याच्या गाडीने माल पाठवितात त्यांनी ट्रान्सपोर्टवाल्याशी दर ठरविताना टायरची अवस्था आणि हवेची तपासणी याविषयी दोन शब्द ठरवून घ्यावेत, आणि जो ती निगा राखतो त्यास चार पैसे अधिक द्यावेत. स्वस्त गाडी आणि सुरक्षित गाडी या दोन्ही एकाच दरात मिळण्याची अपेक्षा धरू नये.

तीन, माल भरण्याच्या वेळेत हवा पाहण्याचा अर्धा तास धरला जावा. त्या अर्ध्या तासाबद्दल चालकास बोल लावू नये अथवा त्याचे पैसे कापू नयेत. चालकास घाई करावयाची आणि अपघात झाला की त्यानेच घाई केली म्हणावयाचे, हा न्याय नव्हे.

चार, मंडळाने बाजाराच्या वाहनतळांवर एक-दोन ठिकाणी चांगला कॉम्प्रेसर, तपासलेले गेज आणि हवा भरण्याचा पिंजरा यांची सोय करावी. आपला समाज पाणपोया घालतो, पांजरपोळ चालवितो, वैद्यकीय शिबिरे भरवितो. हवेची ही सोय त्याच परंपरेत बसणारी आहे. सुरतेतील चालक आणि क्लीनर खानदेशातून, उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून आलेले आहेत. त्यांच्याकरिता मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तीनही भाषांत वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचा वर्ग घेणे अवघड नाही. लिंबायत-उधन्याच्या वस्त्यांतील तरुणांस पगारी काम म्हणूनही हे देता येईल.

आपल्या कुटुंबीयांकरिताही एक शब्द. दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या सुटीत कित्येक घरे मोटारीने पालिताण्यास किंवा मांगीतुंगीस जातात. चार माणसांच्या मोटारीत सात बसतात, वर सामान असते, आणि हवा शेवटची केव्हा पाहिली हे कोणाच्या ध्यानात नसते. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की किती हवा भरावयाची हे सांगणारी चिठ्ठी बहुतेक मोटारींवर चिकटविलेली असते; भरलेल्या गाडीकरिता तीत पुष्कळदा निराळा आकडा दिलेला असतो. निघण्याच्या दिवशी सकाळी, देवदर्शन करून येतानाच, जवळच्या पंपावर ती भरून घ्यावी. घरातील कर्त्या स्त्रियांनी हे पाहण्याचे मनावर घेतले तर ते नक्की होईल असा आमचा विश्वास आहे. तहान-लाडू, भूक-लाडू बांधताना त्यांच्या हातून काही विसरत नाही.

येत्या दिवाळीस वहीपूजन होईल आणि नव्या वह्या घातल्या जातील. मालाच्या रवानगीच्या वहीत पार्सलांची संख्या, बिल्टीचा क्रमांक आणि भाडे यांच्यापुढे एक लहानसे कोष्टक अधिक आखावे आणि त्यावर ‘हवा पाहिली’ असे लिहावे, एवढीच आमची सर्व सभासदांस विनंती आहे. ते कोष्टक भरल्यावाचून गाडी सोडावयाची नाही, असा नियम शंभर पेढ्यांनी केला, तर ट्रान्सपोर्टवाल्यांनाही तो पाळावा लागेल, आणि वर्षभरात तो बाजाराचा रिवाज होऊन जाईल.